धूर थांबल्यावर

अल ऐन, शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०२४

आपा,

सलाम. हे पत्र तुझ्या हातात मोईन देईल. तो अन्वरबरोबर रुवैसला रिफायनरीत आहे, आपल्या रत्नागिरीचाच, सुट्टीवर चाललाय. त्याला घरात घे किंवा नको घेऊस, पण पत्र परत पाठवू नकोस. माझा नंबर तू सहा वर्षं ब्लॉक करून ठेवलायस, दुसरा रस्ता नाही.

भांडण उकरायला लिहीत नाहीये. तुझ्या लग्नाचं अब्बांच्या कानावर कुणी घातलं, यावर अम्मीच्या मय्यतीत मोठ्या मामी जे बोलल्या, त्याला मी तिथेच उत्तर दिलं होतं. मी नव्हते. आता ते राहू दे.

मला एकच विचारायचंय. अम्मीचा दम उठायचा तेव्हा तुला कसं कळायचं, की आज घरीच उतरेल आणि आज हॉस्पिटल गाठायला हवं? मी लग्न होऊन इकडे अमिरातीत आले. तिच्या उशाशी अकरा वर्षं तू होतीस. हे तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

यम्नाला तोच दम आहे. सात वर्षांची झाली. माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलते. परवा पहाटे मला हलवून म्हणाली, "अम्मी, माय चेस्ट इज व्हिसलिंग." दिवा लावून बघते तर गळ्याखाली खड्डा पडत होता आणि श्वासागणिक बरगड्या दिसत होत्या. नेब्युलायझर लावला. वीस मिनिटं मी तिच्या ओठांकडे बघत बसले. अम्मीचे ओठ जांभळे व्हायचे ना, तसे होतायत का, तेवढंच.

आम्ही राहतो तो एक मोठा व्हिला आहे, चार पोर्शन पाडलेला. पुढे राहिलभाई, हैदराबादचे सर्व्हेयर, एकटेच असतात. एक पोर्शन रिकामा. एक आमचा. मागे ताजबी खाला, श्रीवर्धनच्या. त्यांचा मुलगा ओवेसभाई ट्रेलर चालवतो, आठवड्याचे पाच दिवस रस्त्यावर. सून बाळंतपणात गेली. नात माहनूर नऊ वर्षांची, तिला खालांनीच वाढवलंय. हा पोर्शन आम्हाला ओवेसभाईंनी मिळवून दिला. सामान उतरवलं त्या दिवशी खालांनी बांगड्याचं कालवण पाठवलं होतं, आणि वर निरोप, "आठ दिवस तुझी चूल पेटवायची नाही, मी आहे."

खाला तांदळाच्या भाकऱ्या करून विकतात. अंगणात विटा रचून चूल केलीय. कंपन्यांच्या कॅम्पातली कोकणची पोरं लांबून येतात, गॅसवरची भाकरी दिली तर तोंड वाकडं करतात. चूल आमच्या बेडरूमच्या खिडकीपासून बारा पावलांवर आहे. मी मोजलीत. उन्हाळ्यात काही जाणवलं नाही, खिडक्या बंद आणि एसी चोवीस तास. पण इथे थंडी पडली की पहाटेची हवा जड होते. धूर वर जातच नाही, पाणी साचावं तसा अंगणात साचतो आणि एसीच्या पाइपच्या भोकातून आत शिरतो. त्यात खाला जाळतात पॅलेटच्या फळ्या, रंग लावलेल्या. घसा कडू होतो.

यम्नाला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घर के पास कोई चूल्हा, कोयला, धुआँ?" मी म्हटलं, "नहीं." अन्वर शेजारी बसले होते. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, खालांशी बोलू या का? तर म्हणाले, "खलास, शहनाझ. त्या घराचं त्या भाकरीवर चाललंय. ओवेसला मी काय तोंड दाखवू? खिडकीच्या फटीत ओला टॉवेल लाव." दुसऱ्या दिवशी ते रुवैसला गेले. पंधरा दिवसांनी येतील.

टॉवेल लावते. सकाळी काढते तेव्हा तो राखाडी झालेला असतो.

आपा, कसं ओळखायचं ते लिही.

शहनाझ


अल ऐन, रविवार, ८ डिसेंबर २०२४

आपा,

मोईन परत आला. म्हणाला, पत्र दिलं, तुझ्या आपांनी पाणी विचारलं, बाकी काही बोलल्या नाहीत. पाणी विचारलंस, एवढंही खूप झालं. हे कुरियरने पाठवतेय.

नोव्हेंबरच्या शेवटी यम्ना दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. ऑक्सिजनचा मास्क तिच्या तोंडाला मोठा पडत होता, तो हाताने दाबून धरावा लागत होता. तिने मास्कच्या आतून विचारलं, "अम्मी, ॲम आय गोइंग टू डाय लाइक नानी?" अम्मी कशाने गेली हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मुलं भिंतीआडून ऐकतात. मी तिला हसून काहीतरी म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आता बरी आहे. कारण धूर थांबला.

कुणीतरी तक्रार केली. गुरुवारी बलदियाची माणसं आली, इथली म्युनिसिपालिटी. दोघे होते. नीट बोलले, आवाजही चढवला नाही. चुलीचे फोटो काढले, खालांना कागद दिला. चूल मोडा, पुन्हा आढळली तर दंड, आणि घरमालकालाही कळवू. कागदावर होतं, रहिवासी वस्तीत विनापरवाना लाकडाची भट्टी, लहान मुलांच्या जिवाला धोका. भट्टी कुठली, साधी तीन विटांची चूल. पण चूल म्हटलं तर कोण धावत येणार?

खालांनी आपल्या हाताने विटा उचलल्या. माहनूर त्यांना मदत करत होती. मी दारात उभी होते. खाला माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शहनाझ, कोण गं असेल? इतकी वर्षं झाली, कुणी हूं की चूं केलं नाही."

मी म्हटलं, "काय माहीत, खाला."

"तो पुढचा हैदराबादी असेल. तोंडावर भाईभाई करतो. एकदा म्हणाला होता, गाडीवर राख पडते म्हणून."

मी हो म्हटलं नाही, आपा. नाहीपण म्हटलं नाही.

आता खाला राहिलभाईंच्या सलामला उत्तर देत नाहीत. ते बिचारे गोंधळलेत. मला विचारत होते, "भाभी, मुझसे कुछ गलती हो गई क्या?"

यम्ना सलग तीन रात्री शांत झोपतेय. मी मात्र पहाटे उठून खिडकीशी जाते आणि हवा हुंगते.

शहनाझ


अल ऐन, रविवार, २९ डिसेंबर २०२४

आपा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितेय, कारण इथे हे कुणाला सांगता येणार नाही.

तक्रार मी केली.

मागच्या पत्रात तू ओळखलंच असशील. लहानपणापासून माझं खोटं तुला पहिल्या वाक्यात कळायचं. हॉस्पिटलमध्ये यम्ना झोपली होती, तेव्हा कॉरिडॉरमध्ये उभं राहून फोन लावला. नाव गुप्त राहील ना, असं तीनदा विचारलं. मग पत्ता सांगितला, चूल कुठे आहे ते सांगितलं, साधारण किती वाजता पेटते तेही सांगितलं. माझा आवाज अजिबात कापला नाही.

तुला वाटेल, आईने लेकरासाठी केलं, त्यात काय. मीपण स्वतःला हेच समजावते. पण खालांच्या दारात जाऊन, "खाला, माझ्या पोरीला तुमच्या धुराने त्रास होतो," एवढं एक वाक्य मी कधी बोलले नाही. सहा महिन्यांत एकदाही नाही.

आता ऐक, खरी गोष्ट पुढे आहे. भाकऱ्या थांबलेल्या नाहीत. पोरं अजून येतात, पिशव्या घेऊन जातात. धूर मात्र नाही. मी विचार करत राहिले, करतात कशावर? गॅसवर म्हणावं तर पोरं तीच, तोंडं वाकडी नाहीत. मग परवा खालांच्या मागच्या खोलीच्या खिडकीकडे लक्ष गेलं. आतून जाड प्लॅस्टिक लावलंय आणि कडेने चिकटपट्टी मारलीय. वास बाहेर येऊ नये म्हणून.

यम्ना माहनूरकडे खेळून आली, म्हणाली, "अम्मी, देअर हाउस स्मेल्स लाइक बार्बेक्यू." मी विचारलं, काय पेटवलंय? म्हणाली, "द बिग आयर्न थिंग. विथ ब्लॅक कोल. माहनूर्स दादी सेड डोन्ट टेल."

मोठी शेगडी, आपा. दगडी घर, खिडकी चिकटवलेली, दार लावलेलं, आणि आत कोळसा. यम्नाला मी त्या घरात जायची बंदी केली. पण माहनूरला कोण बंदी करणार? शाळेला सुट्टी आहे, दोघी अंगणात खेळतात. काल माहनूर खेळता खेळता पायरीवर बसली आणि डोकं भिंतीला टेकून झोपलीच, सकाळी दहा वाजता. खाला म्हणाल्या, "माझंही डोकं आठवडाभर जड आहे. थंडी बाधली."

थंडी नव्हे. इथे दर हिवाळ्यात रेडिओवर सांगतात, बंद खोलीत कोळसा पेटवू नका. त्या वायूला रंग नाही, वास नाही. धूर निदान खोकवतो, डोळ्यांत पाणी आणतो, माणूस उठून बाहेर पळतो.

मला जाऊन सांगायला हवं. पाय दारापर्यंत जातात. मग वाटतं, खाला विचारतील, तुला कसं कळलं, तू माझ्या खिडक्या कशाला बघतेस? आणि माझ्या तोंडावर सगळं वाचतील. अन्वरना फोन केला. ते म्हणाले, "मी शुक्रवारी येतोय. मी बोलतो ओवेसशी. तू मध्ये पडू नकोस."

म्हणजे पाच दिवस. आपा, मला फार भीती वाटतेय. यम्नाची वाटायची त्याहून वेगळी भीती आहे ही. तेव्हा वाटायचं, कुणीतरी माझ्या पोरीला मारतंय.

शहनाझ


अल ऐन, सोमवार, ६ जानेवारी २०२५

आपा,

अक्षर लावून घे.

अन्वर शुक्रवारी आले नाहीत. रिफायनरीत शटडाउनचं, मोठ्या दुरुस्तीचं काम निघालं, सुट्टी रद्द झाली. मी म्हटलं, शनिवारी सकाळी मीच जाते. नाश्ता करून जाते.

शनिवारी धुकं होतं. साडेसातला यम्ना माहनूरला हाक मारायला गेली आणि दोन मिनिटांत परत आली. "शी इज नॉट ओपनिंग. टीव्ही इज ऑन." मी चहा गाळत होते. ते पातेलं मी कुठे ठेवलं मला आठवत नाही. दार बडवलं. आत कार्टूनचा आवाज चालू. "खाला! खाला!" म्हणून ओरडले. राहिलभाई लुंगीवरच धावत आले. मी म्हटलं, "कोयला, राहिलभाई, अंदर कोयला है." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, खांदा घातला. तिसऱ्या धक्क्याला कडी निघाली.

आत ऊब होती. नुसती छान ऊब, आपा. धूर नाही, वास नाही. शेगडी लालभडक, बाजूला परातीत पीठ मळलेलं. माहनूर टीव्हीसमोर आडवी, गोधडी अंगावर, झोपल्यासारखी. खाला शेगडी आणि दार यांच्या मध्ये पालथ्या पडलेल्या. एक हात दाराकडे. त्यांना कळलं होतं. उठून निघाल्या होत्या.

राहिलभाईंनी माहनूरला उचललं. मी खालांच्या काखेत हात घालून ओढलं. जड होत्या. उंबऱ्याशी माझंच डोकं गरगरलं, गुडघे गेले. राहिलभाई पोरीला ठेवून परत आले आणि आम्हा दोघींना बाहेर खेचलं. मी बाहेर थंड लादीवर पडून ओकत होते आणि यम्ना कोपऱ्यात उभी राहून किंचाळत होती, "वेक अप, माहनूर, वेक अप!" आणि तिचीच छाती वाजायला लागली. माझा एक हात खालांच्या नाकापुढे, दुसऱ्या हाताने यम्नाचा पंप. कुणाचा श्वास आहे आणि कुणाचा नाही, मला कळेना.

ॲम्ब्युलन्स आली. खालांना संध्याकाळी शुद्ध आली. माहनूर अजून आली नाही. आज तिसरा दिवस. डॉक्टर म्हणतात, लहान पोरीचा मेंदू आहे, किती वेळ त्या हवेत होती ते सांगता येत नाही, थांबावं लागेल.

पोलिसांनी विचारलं, आत कोळसा आहे हे तुला कसं माहीत होतं? मी सांगितलं, मुलीने सांगितलं. कधी? आठवड्यापूर्वी. तो लिहायचा थांबला, माझ्याकडे बघितलं आणि मग लिहिलं.

ओवेसभाई ट्रेलर कुठेतरी सोडून आलेत. आयसीयूच्या बाहेर माझे हात हातात घेऊन रडले. "भाभी, तू नसतीस तर माझ्या दोघी गेल्या असत्या." सगळ्यांसमोर म्हणाले. राहिलभाई बाजूला उभे होते.

माझे हात सोडवून घेता येईनात.

माहनूरसाठी दुआ कर. माझ्यासाठी नको करूस.

शहनाझ


अल ऐन, रविवार, २६ जानेवारी २०२५

आपा,

माहनूर चौथ्या दिवशी शुद्धीवर आली. बापाला ओळखलं. पण बोलायला वेळ लागतो. शब्द शोधावा लागतो तिला, आणि उजवा हात कापतो, चमचा तोंडाशी येईपर्यंत रिकामा होतो. चालताना तोल जातो. डॉक्टर म्हणतात, सुधारेल, किती ते वेळच सांगेल.

ओवेसभाई दोघींना परत पाठवतायत. एकट्या टाकून ट्रेलरवर जायची हिंमत उरली नाही म्हणाले. एक फेब्रुवारीचं तिकीट आहे.

काल मी खालांकडे गेले. त्या पलंगावर बसून माहनूरचे कपडे घडी करत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. बसायला सांगितलं, मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

"खाला, बलदियाला फोन मी केला होता. राहिलभाईंनी नाही."

त्यांनी हातातला फ्रॉक पूर्ण घडी केला. ठेवला. मग म्हणाल्या, "यम्नासाठी?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"कशाची? माझी?"

उलट मीच विचारलं, आणि मला अजून कळत नाही मी असं कोणत्या तोंडाने विचारलं, "सांगितलं असतं तर चूल बंद केली असती तुम्ही?"

खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं, पण बोलल्या नाहीत. "नसती केली," म्हणाल्या. "तुझ्याशी भांडले असते. म्हणाले असते, मोठी आली धुराला नाकं मुरडणारी, तुझी आई काय हवेवर स्वयंपाक करायची? आठ दिवस बोलले नसते. मग चूल त्या कोपऱ्यात नेली असती, पत्रा लावला असता, काहीतरी केलं असतं. पण अंगणात भांडले असते, शहनाझ. उघड्यावर. आत नसती नेली."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत.

"आणि शेगडीचं तुला आठवडाभर माहीत होतं. ओवेस सांगत होता, पोलिसांच्या कागदात आहे."

"हो."

"फोन करायला तुला एक दिवस लागला. दार वाजवायला आठ दिवस लागले." मग फ्रॉक उचलून पुन्हा उलगडला. "तू मला ओढून बाहेर काढलंस, ते मी विसरणार नाही. हेही नाही विसरणार. आता जा, पोर उठेल."

तिथून राहिलभाईंकडे गेले. त्यांनाही सांगितलं. ते मान हलवत राहिले, म्हणाले, "मुझे बोल देते, भाभी, मैं बोल देता उनको." आणि हळूच दार लावलं. अन्वरनाही फोनवर सांगितलं.

आता उरलीस तू. आपा, अब्बांना मीच सांगितलं होतं. चिपळूणचे सर, तुमचं निकाहचं ठरलेलं, तारीखसुद्धा. तू मला विश्वासाने सांगितलंस आणि मी त्याच आठवड्यात अब्बांच्या खोलीत गेले. मला वाटलं, तू पळून जाशील आणि माझं जमत आलेलं लग्न मोडेल. एवढंच होतं कारण. तुझ्या तोंडावर, "आपा, माझं काय होईल?" असं विचारायची हिंमत नव्हती. मग माझं लग्न झालं, तुझं राहिलं, आणि अम्मीच्या उशाशी तू बसलीस. मय्यतीत मी कुराणावर हात ठेवायला निघाले होते, मामींनी अडवलं म्हणून ठेवला नाही. त्यांनी अडवलं नसतं तर मी ठेवला असता.

माफी मागत नाही. मागण्यासारखी जागाच मी ठेवली नाही.

फक्त एक काम सांगते. रत्नागिरीहून श्रीवर्धन लांब आहे, मला माहीत आहे. खालांचा पत्ता मागे लिहिलाय. त्या माझा फोन घेणार नाहीत, आणि घेऊही नयेत. एकदा जाऊन ये. लपवू नकोस, दारातच सांग की मी शहनाझची बहीण. हाकलतील कदाचित. तरी माहनूर चालते का, तेवढं बघून ये.

शहनाझ


अल ऐन, रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

आपा,

तू फोन ठेवलास, म्हणून लिहितेय.

गुरुवारी स्क्रीनवर तुझं नाव बघून मी आधी घाबरलेच. सहा वर्षांनी तुझा आवाज, आणि त्यात सलामसुद्धा नाही. "माहनूर जिना चढते. कठड्याला धरून, पण चढते. हात कापतो अजून. बोलणं सुधारतंय. म्हातारीने मला आत घेतलं, जेवायला घातलं, तुझं नाव काढलं नाही. मीपण काढलं नाही." मी नुसतं "आपा, आपा" करत राहिले. तू म्हणालीस, "रडू नकोस. यम्नाला दे."

मी म्हटलं, ती तुझ्याशी काय बोलेल, तुला ओळखत नाही.

"बोलायला कोण सांगतंय? फोन तिच्या तोंडाशी धर आणि तिला म्हणावं, नुसता श्वास घे."

धरला. ती माझ्याकडे बघत श्वास घेत होती. मिनिटभर तरी झालं असेल. पलीकडून तुझ्याकडचा पंखा ऐकू येत होता. मग म्हणालीस, "सोडताना शेवटी घरघर आहे. अम्मीचं असंच सुरू व्हायचं, दोन दिवस आधी. उद्याच दाखव. आणि या वेळी विचारतील ते सगळं खरं सांग." आणि फोन ठेवलास.

मला ऐकू येत नव्हती घरघर. मी कान लावून लावून ऐकली, तरी नाही. पण नेलं. डॉक्टरीणबाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं, धूर, चूल, मी नहीं म्हटलं होतं तेही. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ पाठीवर फिरवला, मग म्हणाल्या, "हाँ, है थोड़ा. अच्छा किया, आज ले आए." औषध बदललंय. दोन दिवस झाले, पहाटे उठली नाही.

तुझा कान बरोबर होता, आपा. हे कळवायचं होतं.

शहनाझ